आईंच्या तोंडी युरोप नाही, लूर्द आहे

वसई परिसरातल्या एका 44 वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

त्या कॅथलिक कुटुंबातल्या. पती हिंदू, मूळचे नाशिकचे. मुलगी 14 वर्षांची. आई 71 वर्षांच्या. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी अंगणात दगड रचून लूर्द मातेचा, म्हणजे फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्रातल्या मरियेचा, छोटा ग्रोटो (गुहेच्या आकाराचं प्रार्थनास्थळ) बांधला होता, तिथे आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावतात. "एकदा लूर्दला जायचं" हे वाक्य या ताई लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. आता घरात दोन सहलींचे कागद आहेत. एक सहल धर्मग्रामातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या परिसरातल्या, लोकांची : 13 दिवस, पोर्तुगाल ते इटली, अकरा पवित्र स्थळं, सोबत फादर. दुसरी एका पर्यटन कंपनीची : 12 दिवस, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली, "व्हॅटिकनसह". खर्च दोन्हींचा माणशी साडेतीन लाखांच्या आसपास. पती आणि मुलीला दुसरी हवी, कारण "तेरा दिवस चर्चच चर्च कोण बघणार?" कॅनडातला भाऊ निम्मे पैसे द्यायला तयार आहे, पण म्हणतो, "या गुडघ्यांनी युरोप कशाला? लूर्दची मिस्सा ती मोबाइलवर बघतेच." आई म्हणतात, "तुम्हाला सोयीचं असेल ते करा, माझं काय." आईंना साखरेचा त्रास आहे, सपाटीवर अर्धा किलोमीटर चालतात, पायऱ्या जड जातात. पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "मी आता नाताळला आणि ईस्टरलाच मिस्साला जाते. यात्रेकरूंच्या गटात जाऊन आईशेजारी गुडघे टेकले तर ते ढोंग नाही का? सासूबाईंबरोबर दोनदा पंढरपूरला गेले, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. आपल्याच धर्माच्या ठिकाणी जाताना मात्र पडतो आहे."

प्रिय ताई,

दोन्ही सहलींच्या कार्यक्रमपत्रिका सोबत पाठवल्यात हे फार बरं केलंत. हातात पेन्सिल घेऊन दोन्ही दोनदा वाचल्या. त्यात दिसलेली एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या यजमानांना आवडलेल्या सहलीत लूर्द नाही.

पॅरिस आहे, इंटरलाकेन आहे, व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, रोम आणि व्हॅटिकन आहे. लूर्द आहे फ्रान्सच्या पार दक्षिणेला, स्पेनच्या सीमेजवळ, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी. पॅरिसहून रस्त्याने आठशे किलोमीटरच्या पुढे. पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली ही आपल्याकडच्या सहलींची मळलेली वाट तिकडे फिरकतच नाही. आईंनी आयुष्यभर ज्या एका गावाचं नाव घेतलं ते एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे महिनाभराच्या चर्चेत घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. हा दोष देत नाही. आपल्या बोलण्यात 'युरोप' हा शब्द एवढा मोठा झाला आहे की त्याच्या पोटात सगळं आलंच असं वाटतं. पण तुमचं पत्र पुन्हा वाचा. 'युरोप' हा शब्द तुमच्या, भावाच्या, यजमानांच्या, मुलीच्या तोंडी आहे. आईंच्या तोंडी एकदाही नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला : आईंना युरोपबद्दल काही विचारू नका. "जायचं का?" असंही विचारू नका, त्या पिढीतली आई याला "माझं काय" एवढंच उत्तर देणार. तो नकार नसतो आणि होकारही नसतो. आपल्यावर होणाऱ्या खर्चाचा संकोच असतो. संध्याकाळी ग्रोटोपाशी मेणबत्ती लावून झाली की शेजारी बसा आणि विचारा, "आई, लूर्दला पोचलीस तर सगळ्यात आधी काय करशील?" मग गप्प राहा. कदाचित त्या म्हणतील, गुहेसमोर बसून जपमाळ म्हणीन. कदाचित म्हणतील, पप्पांसाठी मेणबत्ती लावीन. पाण्याबद्दल काही म्हणतील, रात्रीच्या मिरवणुकीबद्दल म्हणतील. जे उत्तर येईल त्यावर सहल बेतायची. यात्रेकरूने आधी सांगायचं आणि कागद मग बनायचा. तुमच्या घरी कागद आधी आला आहे.

आता तो धर्मग्रामाचा कागद. त्यात लूर्द आहे, पण कसं आहे ते पाहा. चौथ्या आणि पाचव्या दिवशी पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थक्षेत्राहून लूर्दपर्यंत बसचा प्रवास. अंतर साधारण हजार किलोमीटर. पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला लूर्दला आगमन, सहाव्या दिवशी दुपारी एकला प्रस्थान. एकूण साडेसतरा तास, त्यातले सात-आठ झोपेचे. आईंनी चाळीस वर्षं वाट पाहिली त्या गावाला सकाळचे काही तास आणि दोन दिवस बसमध्ये आंबलेलं अंग. तिथे रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज. कागदी आवरणातल्या मेणबत्त्या हातात घेऊन हजारो लोक जपमाळ म्हणत चालतात, 'आवे मरिया'चे सूर आले की सगळ्या मेणबत्त्या एकदम वर जातात. चाकाच्या खुर्चीवरचे आजारी लोक सगळ्यांत पुढे असतात. साडेसातला पोचून, खोल्या ताब्यात घेऊन, जेवण उरकून नऊला मैदानात उभं राहणं तरण्या माणसालाही जड आहे. आईंना जेवण किंवा मिरवणूक यांतलं एकच मिळेल.

तुम्ही पंढरपूरला जाऊन आला आहात, म्हणून तुम्हाला हे एका शब्दात सांगता येईल. गर्दीत आत जाता आलं नाही की वारकरी कळसदर्शन घेतो. त्यात कमीपणा काही नाही; पण ते कळसदर्शन आहे हे त्याला ठाऊक असतं. सहलीच्या कागदांवर हा फरक लपलेला असतो. 'फोटो स्टॉप' म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, चढा. 'पॅनोरमिक टूर' म्हणजे बहुधा बसच्या खिडकीतून. 'व्हॅटिकन' एवढंच लिहिलं असेल तर ते संत पेत्राच्या चौकात उभं राहणं असू शकतं, बॅसिलिकाच्या आत जाणं असू शकतं, किंवा तिकीट काढून संग्रहालय आणि सिस्टीन चॅपेल पाहणं असू शकतं. या तिन्हींत अर्ध्या तासापासून अर्ध्या दिवसापर्यंतचा फरक आहे. कंपनीच्या तुमच्या कागदावर तारांकित टीप आहे, 'बाहेरून'. बारीक अक्षरांत आहे, पण आहे.

हे मी अनुभवातून बोलते आहे. काही वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन अशाच एका सहलीतून इटलीतल्या असिसीला, संत फ्रान्सिसच्या गावी, गेले होते. कागदावर असिसी ठळक अक्षरांत होतं. बस गावाखालच्या तळावर थांबली, हातात दीड तास. चढ चढायला पाऊण तास लागला, प्रसाधनगृहाच्या रांगेत वीस मिनिटं गेली. सासूबाई संत फ्रान्सिसच्या समाधीच्या खोलीत पोचल्या आणि टेकायला जागा शोधेपर्यंत टूर मॅनेजरचा फोन आला. त्या परत निघाल्या, काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर शेजारणीला सांगत होत्या, "असिसी झालं आमचं." 'झालं' हा शब्द मला अजून टोचतो.

बसवाला थांबत का नाही, याचं कारणही माहीत असू द्या, म्हणजे उगाच वाद होणार नाहीत. युरोपीय संघात बसचालकाच्या तासांवर कायद्याचं बंधन आहे. सलग साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती, दिवसाला एरवी नऊ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि हे सगळं यंत्रात नोंदलं जातं. त्यामुळे "अजून दहा मिनिटं थांबू या" ही विनंती तिथे चालत नाही. जागेवर वेळ हवा असेल तर तो कागद बनतानाच मागावा लागतो.

मागता येतो का? येतो, आणि इथे धर्मग्रामाच्या गटाची बाजू मोठी आहे. तुमचे फादर आणि गटातली दहा कुटुंबं मिळून एजंटकडे गेली तर कार्यक्रम बदलतो. अकरा स्थळांतली तीन-चार गाळून लूर्दला दोन रात्री करून घ्या, जमलं तर तीन. काय गाळायचं हे गटाने ठरवावं. माझ्या मते फातिमा आणि लूर्द ही दोन्ही एकाच बसप्रवासात बसवण्याचा हट्टच आधी तपासावा. फातिमा मोठं ठिकाण आहे, यात शंका नाही. 1917 साली मे ते ऑक्टोबर या महिन्यांत लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या तीन गुराखी मुलांना पवित्र मरियेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. त्यांतल्या फ्रान्सिस्को आणि जसिंता या भावंडांना 2017 साली संतपद मिळालं. गटातल्या कुणाच्या मनात फातिमा आईंच्या लूर्दइतकंच खोल असेल. मग मधला टप्पा विमानाने करायचा का, हे विचारा. पैसे वाढतील, दोन दिवस वाचतील. आणि तारीख 13 ऑक्टोबरच्या जवळ येत असेल तर सावध राहा. शेवटच्या दर्शनाचा तो दिवस, फातिमाला तेव्हा प्रचंड गर्दी उसळते.

या गटाची दुसरी बाजू म्हणजे भाषा. सोबत फादर असले की तुमच्या गटाची स्वतंत्र मिस्सा आधी नोंदवून मराठीत करता येते. लूर्दच्या एखाद्या चॅपेलमध्ये तुमच्या आई मराठीत उत्तरं देतील आणि शेजारी ओळखीच्या बायका असतील, याची किंमत कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते. कंपनीच्या सहलीत त्यांना दिवसभर अनोळखी माणसांबरोबर खरेदीचे भाव ऐकत बसावं लागेल.

भाषेवरून एक गोष्ट सांगते, ती तुमच्या लेकीसाठी. तुम्ही लिहिलंत की आई अजून घरची सामवेदी बोली बोलतात आणि नात लाजते. 11 फेब्रुवारी 1858 रोजी लूर्दच्या मासाबियेल गुहेपाशी जिला पहिलं दर्शन झालं ती बर्नादेत सुबिरू चौदा वर्षांची होती; तुमच्या लेकीच्याच वयाची. गिरणीवाल्याची मुलगी, दम्याची रुग्ण, लिहिता-वाचता न येणारी. घरची एवढी दैना झाली होती की सगळं कुटुंब पूर्वी तुरुंग म्हणून वापरलेल्या एका खोलीत राहत होतं. ती खोली, 'काशो', आजही पाहता येते. बर्नादेतला शाळेतली फ्रेंच नीट येत नव्हती. ती बोलायची गावची बोली. आणि तिने सांगितलं की माता तिच्याशी त्याच बोलीत बोलली. गुहेतल्या मूर्तीच्या पायाशी आजही ते शब्द फ्रेंचमध्ये नाहीत, त्या बोलीत कोरलेले आहेत. आजीबरोबर तिथे उभी राहून तुमच्या लेकीने ते वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आता भावाचं म्हणणं. "मोबाइलवर बघतेच" यात त्याची काळजी आहे, तो कंजूषपणा नाही; निम्मे पैसे तो देतोच आहे. पण त्याने लूर्दबद्दल एक समजूत उलटी करून घेतली आहे. गुडघे दुखतात म्हणून लूर्द नको, असं तो म्हणतो. खरं तर दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी युरोपातलं सगळ्यांत तयार गाव तेच असेल. दीडशे वर्षं आजारी माणसं तिथे येत आहेत. गुहा, नळ, खालची रोझरी बॅसिलिका, मिरवणुकीचं मैदान हे सगळं बहुतांशी सपाट, चाकाच्या खुर्चीने जाता येण्याजोगं, आणि खुर्च्या ढकलणारे स्वयंसेवक देशोदेशींहून स्वखर्चाने आलेले. गुडघ्यांची परीक्षा घेतात ती बाकीची गावं. असिसी चढावर आहे. रोमचे जुने रस्ते दगडी चौकटींचे, चालताना पाय मुरगळणारे. व्हॅटिकन संग्रहालयातून सिस्टीन चॅपेलपर्यंतचं चालणं लांबलचक. रोमच्या 'पवित्र पायऱ्या' तर 28 आहेत आणि भाविक त्या गुडघ्यांवर चढतात. आईंनी तो मोह आवरावा, हे त्यांना फादरांकडूनच सांगवा, तुमचं ऐकणार नाहीत. घडीची हलकी चाकखुर्ची घरूनच न्या. "मी काय अपंग आहे?" असं आई म्हणतील. दिवसातून दोनदाच वापरायची, असं सांगून न्या. विमानतळावर खुर्चीची मदत विनाशुल्क मिळते, पण तिकिटाबरोबरच कळवावं लागतं.

एक नाजूक गोष्ट यातच विचारून घ्या. लूर्दला जाऊन गुडघे बरे होतील, अशी आईंची आशा आहे का? असेल तर तिला हसू नका आणि खतपाणीही घालू नका. लूर्दला 1883 पासून वैद्यकीय कचेरी आहे; तिथे बरं झाल्याचे दावे डॉक्टर तपासतात. हजारो दाव्यांतून ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या थोडी पुढे आहे. धर्मसत्ता स्वतःच इतकी जपून बोलते, हे फादर आईंना समजावून सांगू शकतील. औषधं मात्र एक दिवसही चुकायची नाहीत. साखरेच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या मूळ नावांसह, हातातल्या पिशवीत असू द्या. विमा काढताना साखर आणि गुडघे दोन्ही लिहा. लपवलेलं दुखणं तिकडे उद्भवलं तर विमा कंपनी हात वर करते.

यजमान आणि लेकीबद्दल. "चर्चच चर्च" ही तक्रार मला समजते. पण चर्च पाहणं म्हणजे फक्त पूजा पाहणं, असं ते धरून चालले आहेत. रोममधलं पॅन्थिऑन मुळात रोमन देऊळ होतं, 609 साली त्याचं चर्च झालं, म्हणूनच ते पाडलं गेलं नाही. नाशिकच्या माणसाला हे परकं वाटू नये. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा यजमानांनी लहानपणापासून पाहिली असेल. तीही तिकडचीच. लेकीला चित्रकला आवडते असं लिहिलंत, तर रोममधल्या सान लुइजी दे फ्रांचेझी या चर्चमध्ये कारावाज्जोची संत मत्तयावरची तीन मोठी चित्रं आहेत, आत जायला तिकीट नाही. असिसीच्या बॅसिलिकात 1997 च्या भूकंपात छत कोसळलं, भित्तिचित्रांचे हजारो तुकडे झाले आणि ते एकेक करून पुन्हा जोडले गेले. ही हकीकत तिला कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त धरून ठेवील. आणि बर्फाचे डोंगर हवेत म्हणून स्वित्झर्लंडच कशाला? लूर्दच्या डोक्यावर पिरेनीज आहे. गावातूनच पिक द्यू जेर या टेकडीवर रुळांची गाडी चढते. गावार्नीची प्रचंड डोंगरभिंत आणि तिच्यावरून कोसळणारा चारशे मीटरांहून उंच धबधबा एका दिवसात पाहून येता येतो. आई गुहेपाशी बसलेल्या असताना बापलेक डोंगरात जाऊ शकतात. पण त्यासाठी लूर्दला किमान दोन रात्री पाहिजेत. फिरून फिरून तिथेच येतो आपण.

गटात इतर धर्माचा माणूस चालतो का, हे आधी फादरांना विचारा. बहुतेक ठिकाणी चालतो. यजमानांना एवढंच सांगून ठेवा की मिस्साला शांत बसायचं आणि ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरच थांबायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे सगळ्यांनाच लागतात, नाहीतर संत पेत्राच्या दारातून परत फिरवतात.

इतकं करूनही त्यांचं मन नसेल, तर चौघांनी एकत्रच गेलं पाहिजे असं नाही. तुम्ही आणि आई गटाबरोबर जा. यजमान आणि लेक शेवटच्या तीन दिवसांना थेट रोमला येऊन मिळू देत. किंवा गट आपला कार्यक्रम बदलायला तयार नसेल तर स्वतंत्र प्रवास करा : मुंबई ते पॅरिस विमान, पॅरिसहून लूर्दला वेगवान रेल्वेने साधारण पाच तास, तिथे तीन रात्री, मग तुलूझहून विमानाने रोमला येऊन चार रात्री. फादर नसतील, मराठी मिस्सा नसेल, सामान स्वतः उचलावं लागेल, आणि खर्चही थोडा चढेल. पण आईंना सकाळी सहाला 'बॅगा दाराबाहेर ठेवा' असं कुणी म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर आधी फादरांशी बोलून गटाचा कार्यक्रम बदलून पाहा. तो बदलला तर त्याच्यासारखं दुसरं नाही. साडेसतरा तासांवरच अडून राहिला, तर स्वतंत्र जा.

रोमसाठी दोनच गोष्टी सांगते. पोपमहोदयांची जाहीर भेट एरवी बुधवारी सकाळी असते, प्रवेशिका विनामूल्य असते. तुमच्या कागदावर रोम गुरुवार ते शनिवार आहे! एक दिवस सरकवला तर आईंना पोप लिओ चौदावे दुरून का होईना दिसतील. मात्र त्या सकाळी संत पेत्राची बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असते, आणि संग्रहालय बहुतेक रविवारी बंद असतं. दुसरी गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती. रोमच्या जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात आहे. देह जुन्या गोव्यात आणि हात रोममध्ये, 1614 पासून. तुमच्या आईवडिलांनी लग्नानंतर पहिली यात्रा गोव्याची केली होती असं तुम्ही लिहिलंत. आईंना तिथे न्याच. बॅसिलिकांच्या मानाने तिथे गर्दी कमी असते, आणि त्यांना बसायला मिळेल.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलात आणि जो मला सबंध पत्रात सगळ्यांत खरा वाटला.

सासूबाईंबरोबर पंढरपुरात तुम्ही रांगेत नऊ तास उभ्या राहिलात. त्यांची पिशवी धरलीत, पाणी दिलंत, त्यांचं डोकं विठ्ठलाच्या पायांवर टेकलं तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवलात. ते ढोंग होतं का? तुम्हीच म्हणता, तेव्हा प्रश्नही पडला नाही. कारण तिथे तुमच्याकडून श्रद्धेची अपेक्षा कुणाचीच नव्हती, तुमचीही नाही. लूर्दला मात्र तुम्ही स्वतःकडून काहीतरी मागता आहात, म्हणून टोचतं आहे. मला यात ढोंगापेक्षा उरलेली ओढ जास्त दिसते. ज्याचं सगळं सुटलं आहे त्याला असा प्रश्न पडत नाही. पण ती ओढच आहे असं ठरवण्याचा अधिकार मला नाही. गुडघे टेकावेसे वाटले तर टेका, नाही वाटले तर आईंच्या खुर्चीमागे उभ्या राहा. जपमाळेची उत्तरं येत असतील तर द्या; नसतील येत तर मेणबत्ती धरा, आईंचा हात दुखेल. फक्त एक करू नका. आईंना बरं वाटावं म्हणून मिस्सानंतर "मला फार छान वाटलं" असं सांगू नका. त्यांना कळेल. बसमध्ये त्यांनी होऊन विचारलं तर जे असेल ते सांगा. तुमच्या वडिलांनी ग्रोटो का बांधला, हे तुम्ही आईंना कधी विचारलंत का? पत्रात त्याचं कारण नाही. लूर्दच्या दोन रात्रींत तेवढा वेळ मिळेल.

कागदोपत्री कामांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात सगळ्यांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. कार्यक्रम बदललात तर तो देशही बदलू शकतो, म्हणून आधी रात्री पक्क्या करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला आईंना स्वतः जावं लागेल. प्रवास-विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. पैसे भरताना कंपनी टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, घेते. तो ज्याच्या पॅनवर जमा होतो त्यालाच विवरणपत्र भरून तो करात वळवता किंवा परत मागता येतो. आई विवरणपत्र भरत नसतील, तर कुणाच्या पॅनवर पैसे भरायचे हे तुमच्या कर सल्लागाराला आधीच विचारा. आणि एजंटकडून पाच गोष्टी तोंडी नको, लेखी घ्या : प्रत्येक गावी किती रात्री, आत प्रवेश की बाहेरून, हॉटेल गावात की गावाबाहेर, बस थांबते तिथून किती चालणं, रद्द केल्यास किती पैसे परत.

लूर्दचं पाणी तुम्ही आणणारच, अख्ख्या आळीने सांगितलं असेल. गुहेशेजारच्या नळांवर ते फुकट मिळतं, दुकानांत फक्त रिकाम्या बाटल्या विकत घ्यायच्या. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली अजूनही बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात आणि आईंच्या देखत ते होऊ नये. झाकणावर चिकटपट्टी लावून, जुन्या टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा. एक बाटली जास्त घ्या, अंगणातल्या ग्रोटोसाठी.